डावीकडचा कोपरा

आमच्या घरात सोलापूरच्या सात रस्त्याचा एक कृष्णधवल फोटो आहे. मामांनी तो १९८१च्या जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, चौकातल्या एका गच्चीवरून काढला. दिवेलागणीची वेळ. सायकली, टांगे, रिक्षा, पोरांना खांद्यावर घेऊन होम मैदानाकडे निघालेली माणसं. नावाला सात रस्ते, फोटोत मावलेत तीनच.

लहानपणी मी त्यात फक्त अण्णांना शोधायचो. डावीकडे अगदी खाली, ते सायकलवर वाकलेले. “ह्यांची चेन नेमकी तेव्हाच पडली,” आई दरवेळी सांगायची.

पुढे एका दैनिकाच्या पुरवणीत लागलो आणि फोटो वाचायला शिकलो. उजेड कमी म्हणून मामांनी शटर सावकाश ठेवलं असणार. चाकांचे आरे विरघळलेत, चेहरे पुसलेत. सगळी वाहतूक वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरकी उतरते आणि उजवीकडे खाली निघून जाते. सुंदर उतार आहे तो. कोपऱ्यातली वाकलेली आकृती तेवढी मला खटकली. नजर वाहायची सोडून तिथे अडते, असं माझं ठाम मत झालं. गड्ड्याच्या पुरवणीत तो फोटो छापताना मी डावी बाजू दोन बोटं कापली. अण्णांनी पान पाहिलं, घडी घातली, बोलले काहीच नाहीत.

मग कधीतरी दागेर या जुन्या छायाचित्रकाराचा १८३८चा पॅरिसचा फोटो पाहण्यात आला. भर वस्तीतला हमरस्ता, पण ओसाड. तेव्हा चित्र उमटायला काही मिनिटं लागायची. धावत्या गाड्या, चालती माणसं उमटलीच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस.

मी आमचा फोटो भिंतीवरून उतरवला, भिंग लावलं. एवढ्या चौकात स्पष्ट आलेले दोघंच: मधोमध हात वर करून उभा हवालदार आणि कोपऱ्यात मान खाली घातलेले अण्णा. सारी गर्दी या दोघांच्या मधून वाहते. अण्णांना काढलं की हवालदार एकटा पडतो, गर्दीचा नुसता धूर होतो. मामांनी हे जाणून केलं का, ते विचारायला मामा उरले नव्हते. पण मी कापलं ते चुकीचंच होतं. अण्णांना तसं सांगितलं. “चेन सैलच होती रे,” एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर फोटोला नवी फ्रेम केली. मागचं चाक लाकडी पट्टीखाली जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी बोटभर पांढरा कागद सोडून घेतला आहे.