परक्या फुलोऱ्याची पारख

अंजूर, ता. भिवंडी, जि. ठाणे
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. त्यात तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. पोर्टलंडला आपल्या घरी जी पेल एल तू येत्या महिन्यात करू म्हणतोस, तिच्यात सोराची एस नावाचा, तुझ्या हाताखालून अद्याप न गेलेला हॉप घालावा की नेहमीच्या कॅस्केडवरच भिस्त ठेवावी, ही पहिली. आणि गणपतीला इकडे आलास म्हणजे आपल्या जुन्या घराच्या पडवीत त्याच बिअरचा एखादा घाणा काढता येईल काय, ही दुसरी. दुसरीचे उत्तर थोडक्यात आटोपणारे आहे, म्हणून ते आधी देतो.

येणार नाही. ज्या आबकारी खात्याचे अन्न मी उभा जन्म खाल्ले त्या खात्याचा मूळ आधार म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. त्यालाच आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. त्याच्या ६५व्या कलमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा असून, घरच्यापुरते केले, विकले नाही, पाहुण्यांनाच पाजले, अशा सबबींना तेथे जागा ठेवलेली नाही. पिंपभर काय आणि तांब्याभर काय, पंचनाम्यात दोन्ही मुद्देमालच. किंबहुना बिअर नुसती प्यायची म्हटली तरी वयाची २१ वर्षे पुरी असावी लागतात आणि खिशात परवाना असावा लागतो. तुमच्याकडे अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढ माणसाला वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमाफ करता येते, हे मला ठाऊक आहे. परंतु ती मोकळीक विमानात बरोबर घेऊन येता येत नाही. ज्या गावच्या गंगाजी नाइकांनी १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेआधी फिरंग्यांविरुद्ध पेशव्यांकडे मसलती केल्या, त्या गावाला गुप्त कारस्थानांची परंपरा आहे खरी, पण तिचा उपयोग तुझ्या पातेल्यासाठी करण्याची माझी तयारी नाही. महाराष्ट्रात ताजी, कारखान्याच्या बाटलीत न भरलेली बिअर प्यायची असेल, तर २००९ साली पुण्यात डूलाली ब्रूअरीने सुरुवात केल्यापासून सनदशीर मद्यालये उघडली आहेत; तेथे मी स्वतः तुला घेऊन जाईन.

आता पहिला प्रश्न. एका बिअरच्या कारखान्यात देखरेखीला असताना घनता मोजणे, नोंदवह्या तपासणे आणि टाक्यांना मोहोर लावणे एवढेच माझे सरकारी काम होते. पण तेथल्या मुख्य ब्रूअरने मला, त्याच्या मते एका सरकारी माणसाला आवश्यक नसलेले, पुष्कळसे ज्ञान दिले, आणि त्याच्या जोरावर मी हे लिहीत आहे. माझे मत असे की, हा हॉप तू अवश्य घालावास. मात्र तो कशासाठी आणि कोणत्या रीतीने घालावा, याचा विचार झाल्याखेरीज पाकीट फोडू नये.

पेल एल हा प्रकारच मुळी हिंदुस्थानच्या वाटेवर मोठा झाला. लंडनच्या पूर्वेस, ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांच्या गोद्यांपासून जवळच, बो येथे हॉजसनची ब्रूअरी होती; जहाजांचे कप्तान तिचा माल लांब मुदतीच्या उधारीवर उचलीत, आणि आफ्रिकेच्या केपला वळसा घालून चार ते सहा महिन्यांनी ती पिंपे मुंबईस वा कलकत्त्यास लागत. पुढे हॉजसनची घमेंड वाढली तेव्हा, १८२२ च्या सुमारास, कंपनीच्या एका संचालकाच्या सूचनेवरून इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉपने तसलीच बिअर करण्याचे मनावर घेतले, आणि तिचा पहिला नमुना त्याच्या माल्ट करणाऱ्याने चहाच्या किटलीत उतरविला अशी आख्यायिका आहे. साम्राज्याच्या तहानेचा पुरवठा करणाऱ्या एवढ्या मोठ्या व्यापाराचा आरंभ घरगुती भांड्यात झाला, हे तुझ्यासारख्या स्वयंपाकघरातल्या ब्रूअरने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या प्रवासात बिअर तगली ती मुख्यतः हॉपमुळे. हॉपची कडू द्रव्ये आंबटपणा आणणाऱ्या दुग्धाम्ल-जंतूंना वाढू देत नाहीत. याच्या उलट स्थिती आपल्या ताडीची. पहाटे झाडावरून उतरविलेला रस मधुर, दुपारपर्यंत मादक आणि संध्याकाळी आंबट, अशी तिची एका दिवसाची हयात. तिच्यात संरक्षक असे काहीच नसल्यामुळे ती झाडाच्या बुंध्यापासून फार दूर जाऊ शकली नाही. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याखाली सरकारने ठाणे जिल्ह्यात झाडामागे कर वाढविला तेव्हा ताडी काढणारे भंडारी जेरीस आले, आणि त्याच सुमारास साहेबाची कडू बिअर मात्र अर्ध्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालूनही पिण्यालायक राहून मुंबईच्या बंदरात उतरत होती. एका वेलीच्या फुलोऱ्याने हा फरक पाडला.

ही वेल आपल्या परसात लावावी असे तुझ्या मामीच्या मनात आले होते. मी तिला परावृत्त केले. हॉपला उन्हाळ्यात पंधरासोळा तासांचा दिवस लागतो आणि हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत निद्रा लागते, म्हणून ती साधारणपणे ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात रमते. पोर्टलंड ४५ अंशांवर, अंजूर १९ वर. येथे कारल्याचा मांडव चढेल, हॉपचा नाही. आपल्या देशात ती हिमाचलातील लाहूलच्या खोऱ्यात पिकते, तीही तेथील उंचीच्या आणि थंडीच्या बळावर. शिवाय ही वेल वनस्पतिशास्त्रात गांजाच्या कुळातली! सबंध नोकरीत गांजाच्या जप्त्या करणाऱ्या माणसाच्या कुंपणावर त्याच घराण्यातली वेल चढावी, हे शोभलेही नसते.

सोराची एसचे चरित्र मोठे बोधप्रद आहे. होक्काइडो बेटावरील सोराची या प्रदेशाचे नाव त्याला मिळाले; सप्पोरोच्या संशोधकांनी ब्रूअर्स गोल्ड आणि झेक देशाचा साझ यांच्या वंशातून तो निपजविला आणि १९८४ मध्ये जाहीर केला. परंतु ज्या घरात तो जन्मला त्या घराची रुची फिक्या, सौम्य लागरची. तेथे त्याच्या उग्र गंधाला कोणी विचारीना. मग तो ऑरेगनच्या संशोधन-संग्रहात येऊन पडला, तेथून वॉशिंग्टनमधील याकिमाच्या खोऱ्यात एका शेतकऱ्याच्या हाती लागला, आणि अखेर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रूअरीने केवळ त्याच्याच भरवशावर एक बिअर काढून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. स्वदेशी उपेक्षित राहिलेला हा गुणी परदेशी मान्यता पावला, याचे कारण त्याचे गुण बदलले हे नसून त्याला योग्य तो यजमान भेटला हे आहे.

तू गेल्या खेपेस माझ्यासाठी ठेवून गेलेली त्याच्या गोळ्यांची पुडी मी तुझे पत्र आल्यावर बर्फाच्या कप्प्यातून काढली. गोळी हिरवट, खडूसारखी ठिसूळ. तळहातावर चुरडून दोन्ही हात घासले तेव्हा प्रथम लिंबाच्या सालीचा, मग गवती चहाचा वास आला, आणि हाताची ऊब लागताच त्यामागून शेपूचा इतका स्पष्ट दर्प उठला की, माजघरातून तुझ्या मामीने ‘शेपूची जुडी कुणी आणली?’ म्हणून विचारले. हात धुतल्यावर बोटांवर राहिला तो ओल्या खोबऱ्याशी नाते सांगणारा एक मऊ गंध. नंतर दोन पेले केले: एकातील गोळी नुसत्या गरम पाण्यात भिजविली, दुसऱ्यातील चांगली उकळली. पहिल्यात सुवास पुष्कळ, कडवटपणा माफक. दुसऱ्यात सुवास बहुतेक उडालेला आणि कडवटपणा जिभेच्या मुळाशी जाऊन बसलेला. हॉपचे सारे शास्त्र या दोन पेल्यांत आहे. त्यातील अल्फा आम्ले उकळीने रूपांतर पावून विरघळतात आणि कडू होतात. त्याची तेले मात्र त्याच उकळीने वाफेबरोबर निघून जातात. कडवटपणासाठी आरंभी घालावा, सुवासासाठी अखेरीस, हा नियम त्यातूनच आला.

आता तुझा बेत. पत्रात तू लिहितोस की, कॅस्केडच्या जागी तेवढ्याच वजनाचा सोराची एस घालून, जोडीला सिट्रा हॉप आणि एखादा खमंग माल्टही टाकून पाहावा. हे करू नकोस. कॅस्केडमध्ये अल्फा आम्ल साधारण ५ ते ७ टक्के असते, तुझ्या पाकिटावर १२ टक्के छापले आहे. वजनास वजन दिलेस तर कडवटपणा दुप्पट होईल आणि दोष नव्या हॉपच्या माथी बसेल. दफ्तरात नवा कारकून रुजू झाला म्हणजे त्याला आधी एकच टेबल देतात आणि त्यावरची कामगिरी पाहतात, पाच टेबले एकदम देऊन घोटाळा झाल्यावर तो कोणाचा याची चौकशी करीत बसत नाहीत. तद्वत येथेही बाकीचे सर्व परिचयाचे ठेवून एवढाच एक अपरिचित असू दे.

१९ लिटरच्या घाण्याला साधा फिका माल्ट साडेचार किलो पुरे. ६६ ते ६७ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर भिजव, आरंभीची घनता १.०५० च्या आसपास येईल. उकळी तासाची. आरंभी १० ग्रॅम हॉप, उकळी उतरायला दहा मिनिटे राहिली असता ३० ग्रॅम, आणि आच बंद करून काढा ८० अंशांवर आला की आणखी ३० ग्रॅम घालून वीस मिनिटे मुरू दे. यीस्ट निर्मळ, स्वतःचा गंध न मिसळणारे घे आणि १८-१९ अंशांवर आंबव. मग आंबलेली बिअर दोन भांड्यांत सारखी वाट. एका भांड्यात १५ ग्रॅम कोरडा हॉप तीन दिवस ठेव, दुसऱ्यात काही घालू नकोस. शेपूचा तो दर्प कोरड्या हॉपने बळावतो असे अनुभवी लोक सांगतात. तुझ्या जिभेला तो कितपत रुचतो याचा निवाडा या दोन भांड्यांवरून होईल, आणि पुढच्या वेळी काय वाढवावे, काय कमी करावे हे कोणाला विचारावे लागणार नाही.

पाण्याविषयी एक सूचना. बर्टनच्या विहिरींत जिप्सम भरपूर, आणि त्यानेच तेथल्या पेल एलचा कडवटपणा कोरडा व ठसठशीत होतो. तुमच्या पोर्टलंडला येणारे बुल रनचे पाणी अतिशय मृदू. चिमूटभर जिप्सम घातल्यास बरे. आपल्या विहिरीचे पाणी खाडीच्या शेजारामुळे मचूळ, तेव्हा कायदा आड आला नसता तरी तुझा पडवीतला घाणा पाण्यापाशीच फसला असता.

शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: नोंदवही ठेव. तारीख, वजन, उष्णता, घनता, पाकिटावरील टक्केवारी आणि सूनबाईचा अभिप्राय, हे सारे त्या त्या दिवशीच लिही. घरी बिअर करणारे बहुतेक लोक स्मरणावर विसंबतात, आणि चांगली झालेली बिअर त्यांना पुन्हा करता येत नाही ती याचमुळे. वहीची नक्कल मला पाठव. बाटली मात्र टपालाने धाडू नकोस, वाटेत जप्त होईल आणि निवृत्त माणसाला जुन्या खात्यात जबाब देण्यास जावे लागेल.

सोराची एस घाल, एकटाच घाल आणि बेताने घाल. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा