पाठ प्रवाळाकडे

लाल समुद्रातल्या डेडॅलस रीफवर हॅमरहेड शार्क पाहायचे तर आधी प्रवाळाकडे पाठ करावी लागते. नवख्यांना हे जिवावर येतं. मार्सा आलमहून रात्रभर बोटीत हेलकावे खात यायचं, दीपगृहाखाली रंगांची एवढी उधळण दिसत असताना गाइड म्हणून मी मात्र म्हणतो, प्रवाळाची भिंत सोडा, निळ्यात चला.

सकाळची पहिली डाइव्ह. रीफच्या टोकाशी रबरी होडीतून उलटी उडी घेऊन थेट पंचवीस मीटर खाली. भिंत नजरेआड झाली की ना तळ दिसतो, ना वर-खाली ओळखण्याची खूण. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा आकडा तेवढा खरा. तो न पाहणारा बघता बघता खाली सरकतो, आणि त्याला पत्ताही नसतो. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे दर श्वासाला हवाही चौपट. धापा टाकणाऱ्याची डाइव्ह शार्क येण्याआधीच आटोपते.

शिवाय हॅमरहेड बुडबुड्यांना बुजतात. कॅलिफोर्नियाच्या आखातात त्यांच्या थव्यांचा अभ्यास करणारे पीटर क्लिमली टाकी न लावता, दम रोखून खाली जात. वाळूत दडलेल्या माशाची क्षीण वीजही त्या रुंद डोक्याखालच्या छिद्रांना जाणवते. असा शिकारी, आणि इतका बुजरा! दिवसा ते थव्याने रेंगाळतात, शिकारीला पांगतात रात्री.

त्यांची आकृती शोधू नये. करडी पाठ निळ्यात विरघळलेली असते. आधी जाणवतं ते डोक्याचं डावी-उजवीकडे झुलणं. मग एकामागून एक पांढरी पोटं. अशा वेळी हातपाय आवरून, पाण्यात जिथे आहोत तिथेच तरंगत राहणं हेच आमचं कसब. एकजण जरी पाय मारत पुढे धावला, तरी सगळा थवा वळतो.

थवे करणाऱ्या या जातीची नोंद 2019 पासून अतिसंकटग्रस्त अशी आहे. पिल्लं आपल्या कोकणच्या बाजारातही येतात. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण मीही चवीनं खाल्लंय, त्यामुळे उपदेशाचा अधिकार मला कमीच.

एक मात्र सांगतो. पहिल्यांदा जाणार असाल तर कॅमेरा बोटीवरच ठेवा. खोलीचा आकडा विसरून शार्कच्या मागे धावतो तो बहुतेक वेळा कॅमेरावालाच.