वसंतारंभीच्या पक्षीनोंदी



फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च सरेपर्यंतचे दिवस महाराष्ट्रातल्या पक्षीनिरीक्षकांसाठी फार धावपळीचे असतात. हिवाळी पाहुणे परतीच्या तयारीत असतात, इथले रहिवासी गायला आणि घरटी बांधायला लागतात, आणि पळस, पांगारा, काटेसावर फुलल्यामुळे एरवी पानांआड राहणारे पक्षी उघड्या फांद्यांवर येतात. तांबटाची टुकटुक दिवसभर चालते, दयाळ पहाटेच गायला बसतो, कोकीळ गळा मोकळा करतो. जे दिसलं, ऐकलं ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पक्षीमित्राला चैन पडत नाही.

पण सांगणं वेगळं आणि नोंद वेगळी. तारीख, वेळ, जागा, संख्या आणि पक्षी कशावरून ओळखला, एवढं असेल तर ती नोंद. यातली शेवटची बाब सर्वांत जास्त गाळली जाते, आणि नेमकी तीच याच दिवसांत सर्वांत जास्त लागते, कारण पक्ष्यांची रूपं या काळात बदलत असतात. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावरचे कुरव पाहावेत. तिथे काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे असे दोन्ही कुरव मिसळून असतात. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. फेब्रुवारीत डोक्यावर गडद पिसं यायला लागतात आणि मार्चअखेरीपर्यंत बऱ्याच प्रौढांनी चॉकलेटी टोपरं चढवलेलं असतं. दोघांचंही टोपरं तपकिरीच, म्हणून डोक्यावरून ओळखायला जाऊ नये, पंख पाहावेत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोकं काळी असतात आणि त्या काळ्यात पांढरे ठसठशीत ठिपके असतात; प्रौढाचा डोळाही फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते, डोळा गडद. एवढं पाहून लिहिलं तर पुढे कुणालाही त्या नोंदीवर विसंबता येतं.

भोरड्यांचा रंगही याच सुमारास खुलतो, पण त्याचं कारण अगदी निराळं आहे. कुरवाला नवी पिसं येतात. भोरडीची जुनीच पिसं झिजतात. शरद ऋतूत आलेल्या पिसांची टोकं मळकट असतात, ती हिवाळाभर घासून जातात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. हे पक्षी मध्य आशियापासून पूर्व युरोपापर्यंत वीण करतात, आपल्याकडे पावसाळ्यातच यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत परततात. सोलापूर-मराठवाड्याकडच्या रब्बी ज्वारीत त्यांचे थवेच्या थवे उतरतात. गोफण घेऊन माळ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्यांची वेळ आणि वाट पक्की ठाऊक असते. पक्षीनिरीक्षकांनी त्याला विचारून, तारखेसह ती माहिती लिहून घ्यायला हवी. अशी माहिती वाया जाणं हे मोठंच नुकसान आहे.

पाहुण्यांच्या जाण्याच्या तारखा मिळवणं त्याहून अवघड. करडा धोबी पावसाळ्याच्या शेवटी ओढ्यावर पहिल्यांदा शेपूट हलवताना दिसला की तो दिवस आनंदाने लिहिला जातो. तो जातो तेव्हा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही, कारण शेवटचा दिवस शेवटचा होता हे नंतर कळतं. त्यावर उपाय एकच: त्याच ओढ्यावर ठरावीक दिवसांनी जात राहायचं आणि धोबी दिसला नाही तर तेही लिहायचं. भारतात 2007 साली सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमाने निवडक स्थलांतरितांच्या पहिल्या-शेवटच्या तारखा सामान्य लोकांकडून गोळा करायला सुरुवात केली. नंतर अशा नोंदी बहुतांशी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जाऊ लागल्या. तिथे एखादा पक्षी अवेळी, भलत्या जागी किंवा फार मोठ्या संख्येने नोंदवला गेला, तर जाणकार स्वयंसेवक वर्णन किंवा छायाचित्र मागतात. हा अविश्वास नव्हे. नोंद टिकावी म्हणूनच ही विचारपूस असते.

‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना फेब्रुवारीतच, शुक्रवार ते सोमवार अशी चार दिवस चालते. ती 1998 साली अमेरिकेत सुरू झाली आणि 2013 पासून भारतातही होते. किमान पंधरा मिनिटं दिसतील ते सगळे पक्षी मोजायचे, एवढीच अट. अंगणातले कावळे, साळुंक्या, बुलबुलही त्यात येतात, आणि त्यांच्या नोंदींचं मोल दुर्मीळ पक्ष्याच्या छायाचित्राइतकंच, किंबहुना अधिक आहे. 2023 सालच्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात 942 जातींचा विचार झाला, तो सुमारे 30,000 निरीक्षकांच्या अशाच साध्या याद्यांच्या आधारावर. कोकीळ वाढतो आहे आणि तारेवर बसलेला आपला नीलपंख घटतो आहे, हे त्यातूनच समोर आलं. नीलपंख ‘नेहमीचाच’ म्हणून सगळ्यांनी गाळला असता तर हे कळलंच नसतं.

सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं, हेही या दिवसांत पाळावं लागतं. शृंगी घुबड आणि पिंगळा यांची वीण तेव्हा चालू असते, आणि टिटवी मार्चपासून उघड्या माळावर खड्यांसारखी दिसणारी अंडी घालू लागते. घरट्याचा ठावठिकाणा फुटला की कॅमेरे जमतात, पालक उडून जातात, अंडी उन्हात तापतात. घुबडांच्या मागे तर अंधश्रद्धेपायी चोरटी शिकारही असते. म्हणून घरट्याची छायाचित्रं पुढे पाठवू नयेत, आणि नाजूक जातींची जागा लिहिताना तालुक्यापलीकडे जाऊ नये. नेमकी जागा स्वतःच्या वहीत मात्र जरूर लिहावी. पुढच्या वर्षी ती उपयोगी पडते.