सातबारा नसलेल्यांचा पूर

२०१९ चा महापूर ओसरल्यावर सांगली जिल्ह्यातल्या एका गावात पंचनाम्याच्या वेळी मी बौद्ध वस्तीतल्या लोकांसोबत उभा होतो. बापजाद्यांपासून गायरान कसणाऱ्या एका मावशींचं सोयाबीन कुजून गेलं होतं. तलाठी भाऊसाहेबांनी एकच विचारलं, सातबारा? नाही म्हटल्यावर वही मिटली.

पिकाची मदत हेक्टरी, तीही सातबाऱ्यावरच्या नावाला. मजुराच्या बुडालेल्या हजेरीला तर रकानाच नाही. मित्रांनो, याला समान वाटप कसं म्हणायचं? १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह केला, तरी प्रश्न अजून कागदापाशीच अडतो. (रेशनच्या किटसोबत फोटो काढायला मात्र कागद लागत नाही.)

यादी चावडीवर लावा, ग्रामसभेत वाचा, गायरानावरची वहिवाट पंचनाम्यात नोंदवा, एवढंच आम्ही निवेदनात लिहिलं. पहिला अंगठा मावशींनी दिला.