उशाकडून पायथ्याकडे

मराठीत आम्हाला भूलतज्ज्ञ म्हणतात. दिल्लीत नोकरीला आले तेव्हा हा शब्द ऐकून हिंदी भाषक सहकारी पोट धरून हसले. त्यांच्या भाषेत भूल म्हणजे चूक. म्हणजे मी चुकांची तज्ज्ञ! मराठीतही हा शब्द साधा नाही. भूल पडते, भूल घालतात आणि भूल देतात. माझं काम तिसरं, आणि ते करायची जागा ठरलेली: रुग्णाच्या उशाशी, हिरव्या पडद्याच्या अलीकडे. वीस वर्षं मी माणसांचे चेहरे उलटेच पाहत आले.

मग ट्रॉमा टीमच्या नेतृत्वाचं प्रगत प्रशिक्षण घेतलं आणि पहिल्याच सकाळी मला उशाकडून उठवून पायथ्याशी उभं केलं गेलं. महाभारतात कृष्ण झोपलेला असताना दुर्योधन उशाशी बसतो, अर्जुन पायथ्याशी. डोळे उघडल्यावर कृष्णाला आधी अर्जुन दिसतो. आम्हाला शिकवलं ते याच्या उलट बाजूनं: पायथ्याशी उभ्या असलेल्यालाच सगळा माणूस दिसतो. मॉनिटर दिसतो, घड्याळ दिसतं, कोण घाबरलंय तेही दिसतं.

गंभीर जखमींच्या उपचारांना शिस्त आली ती एका अपघातातूनच. फेब्रुवारी १९७६मध्ये अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक जेम्स स्टायनर यांचं छोटं विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जबर जखमी झाली. जवळच्या रुग्णालयात झालेले उपचार पाहून ते अस्वस्थ झाले आणि १९७८मध्ये पहिला अभ्यासक्रम उभा राहिला. आधी काय, नंतर काय, याचा क्रम त्यानं जगाला दिला. पण क्रम पाठ असणं वेगळं आणि आठ माणसांकडून तो एकाच वेळी करून घेणं वेगळं. आमचं प्रशिक्षण या दुसऱ्या गोष्टीचं होतं. पुतळ्यावर सराव. हात मागे, आवाज खालचा. सूचना हवेत सोडायची नाही, नाव घेऊन द्यायची. ऐकणाऱ्यानं ती परत बोलून दाखवायची, आणि काम झालं की ‘झालं’ म्हणायचं.

भूलतज्ज्ञाला हे सर्वांत अवघड जातं, कारण आमचे हात आमच्या आधी धावतात. एका रात्री डिलिव्हरीचं काम करणारा बावीस वर्षांचा मुलगा आला. कंबरेचं हाड मोडलेलं, वरचा रक्तदाब ७०. सर्जन घाईत म्हणाले, “मॅडम, झोपवा त्याला.” मी म्हटलं, “अजून नाही. आधी रक्त.” रक्त गेलेलं शरीर रक्तवाहिन्या आवळून कसाबसा दाब धरून ठेवतं. भुलेचं औषध ती पकड सैल करतं, यंत्राचा श्वास हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी करतो, आणि नळी नीट बसूनही माणूस हातचा जातो. म्हणून कंबर पट्ट्यानं घट्ट बांधली. रक्त आणि प्लाझ्मा सुरू झाला, सोबत कॅल्शियम. कारण पिशवीतलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडही दिलं. ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक जखमींवरच्या २०१०च्या अभ्यासानं या स्वस्त औषधाची किंमत दाखवली. पुढच्या विश्लेषणानं हेही दाखवलं, की तीन तास उलटल्यावर तेच औषध घातक ठरू शकतं.

दाब ९०वर आला. उशाशी माझी ज्युनिअर होती. केटामाइन कमी मात्रेत दिलं. पहिल्या प्रयत्नात नळी गेली नाही. माझी बोटं शिवशिवली. चार पावलांचं अंतर होतं. मी ते चालले असते तर तिच्या मागे एक अनुभवी हात वाढला असता, पण सगळीकडे पाहणारे डोळे उरले नसते. “बाहेर ये. मास्कनं ऑक्सिजन दे. आता बूजी घे.” तिनं तिन्ही वाक्यं परत म्हटली. मग म्हणाली, “झालं.”

तो मुलगा वाचला. त्याच महिन्यात याच क्रमानं, याच हातांनी उपचार केलेली एक बाई वाचली नाही. प्रशिक्षण हमी देत नाही. जे करता येण्यासारखं होतं ते गोंधळात राहून गेलं नाही, एवढंच पाहतं.

शेवटचं सत्र नातेवाइकांशी बोलण्याचं होतं. सरावात एक डॉक्टर हळुवारपणे म्हणाला, “वो चली गईं.” नवऱ्याची भूमिका करणाऱ्यानं विचारलं, “कहाँ?” खोलीत कुणीच हसलं नाही. रुग्णालयात माणसं सारखी कुठेतरी जातच असतात: स्कॅनला, ऑपरेशनला, वॉर्डात. आपल्या मराठीतल्या ‘गेली’लाही तोच धोका.

त्या बाईचा नवरा बाकावर तिची चप्पल धरून बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले, नाव विचारलं, आणि हिंदीत तो एकच शब्द स्पष्ट उच्चारला: मृत्यू. मग गप्प राहिले. गप्प राहायचं, हेही शिकवलं होतं.