मैदानातून खंदकाकडे

1909 च्या ऑक्टोबरात ब्रिस्टलच्या मैदानावर टॉटनहॅमचा 21 वर्षांचा फुटबॉलपटू वॉल्टर टल खेळत होता, आणि प्रेक्षकांतला एक घोळका त्याच्या कातडीच्या रंगावरून त्याला घाणेरड्या शिव्या देत होता. टल शांतपणे खेळत राहिला. तिथल्या एका वार्ताहराने लिहिलं, की गोऱ्या खेळाडूंनी या माणसाचा कित्ता गिरवावा. पुढे क्लबने मात्र त्याला राखीव संघात टाकलं.

गडचिरोलीच्या रस्त्यांवर झुंजुमुंजू होताना पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं-पोरी दिसतात, तेव्हा मला हा टल आठवतो. आमच्या मुलखात मैदान आणि वर्दी शेजारी-शेजारी राहतात. 1990 मध्ये पोलिसांचं नक्षलविरोधी सी-60 दल उभं राहिलं ते इथल्याच तरुणांतून. इकडे बल्लारपूरजवळ विसापूरला क्रीडासंकुल आहे आणि त्याच भागात सैनिकी शाळाही. खेळात कमावलेला दम वर्दीच्या कामी येतो, हे इथल्या आईबापांना कुणी सांगावं लागत नाही.

टलला मात्र आईबाप फार काळ लाभलेच नाहीत. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आजोबा गुलामीत जन्मलेले, आई केंटची. 1895 मध्ये आई गेली, दोन वर्षांनी वडील. वॉल्टर आणि भाऊ एडवर्ड लंडनच्या अनाथाश्रमात आले. ग्लासगोच्या एका कुटुंबाने एडवर्डला दत्तक घेतलं आणि भावाभावांची ताटातूट झाली. आश्रमातली पोरं चेंडूमागे धावताना काय काय विसरत असतील! आमच्या आश्रमशाळांच्या पटांगणात उभं राहिलं की हे समजतं.

1911 मध्ये व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमनने टलला नॉर्दम्प्टनच्या संघात आणलं आणि तिथे तो शंभराहून अधिक सामने खेळला. त्याच 1911 च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर आपला क्रिकेटपटू पळवणकर बाळू शंभरावर बळी घेत होता. पुण्याच्या मैदानावर याच बाळूला जातीमुळे चहा वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात मिळत असे. त्याची गोलंदाजी सर्वांना हवी होती, कप्तानपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही.

पहिलं महायुद्ध पेटलं, आणि डिसेंबर 1914 मध्ये टल फुटबॉलपटूंच्या पलटणीत, 17व्या मिडलसेक्समध्ये दाखल झाला. तोफांच्या माऱ्याने मन हादरून आजारी पडला, बरा होऊन सोमच्या रणात परतला. लष्करी नियमांप्रमाणे अधिकारपद युरोपीय वंशाच्या माणसालाच. तरीही मे 1917 मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीत पिआव्हे नदी ओलांडून त्याने आपली तुकडी शत्रूच्या हद्दीत नेली आणि सुखरूप परत आणली. सेनापतीने त्याच्या शौर्याची आणि थंड डोक्याची नोंद केली.

लष्कराने त्याला न्याय दिला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. धडाधड अधिकारी मरत होते, माणसं कमी पडत होती, म्हणून नियम वाकला. गरज पडल्यावर दिलेला मान हा मान असतो का? ज्या समाजाला त्याच्या नेतृत्वाखाली मरायला चालत होतं, त्यालाच पूर्वी त्याचं खेळणं सहन होत नव्हतं.

25 मार्च 1918 रोजी फ्रान्समध्ये फाव्ह्रॉय गावाजवळ माघार घेताना टल पडला. गोळीबारात त्याच्या शिपायांनी त्याला मागे आणायची धडपड केली. त्यांत लेस्टरचा जुना गोलरक्षक टॉम बिलिंगहॅमही होता. देह हाती आला नाही. अरासच्या स्मारकावर नाव तेवढं आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना माझी एकच विनंती आहे. भामरागडचं, एटापल्लीचं एखादं माडिया पोर शहरातल्या मैदानावर उतरलं आणि कुणी त्याच्या रंगावरून, बोलीवरून काही बोललं, तर खेळ तिथेच थांबवा. त्या पोराला वर्दी मिळेपर्यंत वाट पाहू नका.