मासे मेले, त्यात घराचा काय दोष?

नव्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात दूध नासले, मूल तापाने फणफणले किंवा फिशटँकमधले मासे मेले, की बोलणाऱ्यांना विषय मिळतो. "घर लाभले नाही", "नजर लागली", "माशांनी बला स्वतःवर घेतली." हे शेवटचे वाक्य तर इतक्या घरांत ऐकू येते की शिकलेली माणसेही मान डोलावतात. यंदा माझ्या आपाच्या घरी हेच घडले.

दुल्हाभाईंची नोकरी बदलली आणि चंद्रपूरचे बिऱ्हाड मुकुटबनला आले. सामानात 10 वर्षांच्या भाचीचा दोन फुटी फिशटँक होता. साठेक लिटर पाणी आणि 12 मासे : 3 गोल्डफिश, 4 मॉली, 5 गप्पी. पिशव्यांमधून मासे सुखरूप पोहोचले, त्याच संध्याकाळी टँक भरला गेला. दोन दिवस सर्व ठीक होते. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि सहाव्या दिवसापर्यंत 7 मासे गेले. पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ होते. म्हणूनच संशय पाण्यावर न जाता घरावर गेला. कोणी दारावर काही बांधायला सांगितले, कोणी घर बदलायला. भाचीने तर त्या खोलीत झोपणेच सोडले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून आपाने मला बोलावले. चंद्रपूरहून पाणी तपासायचे थेंब मागवले. तपासणीत अमोनिया लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम निघाला. तो शून्य असायला हवा. पाण्याचा पीएच 8 होता.

हा अमोनिया येतो कुठून? मासे तो कल्ल्यांवाटे सतत बाहेर टाकतात, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातूनही तो तयार होतो. जुन्या टँकमध्ये डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन द्रव्ये माशांना विषासारखी आहेत, तिसरे त्या मानाने निरुपद्रवी. हे काम दोन वेगवेगळ्या प्रकारचे जिवाणू करतात, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास दाखवून दिले. हे जिवाणू पाण्यात थोडे आणि फिल्टरच्या स्पंजवर व तळाच्या खड्यांवर जास्त राहतात.

सामान बांधणाऱ्या मुलांनी मोठ्या मेहनतीने तो स्पंज नळाखाली घासून लख्ख केला होता आणि खडे उन्हात वाळवले होते. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या सफाईत जिवाणूंची सारी वसाहत संपली. टँक जुना दिसत होता, आतून तो अगदी नवा झाला होता.

त्यात मुकुटबनच्या पाण्याची भर पडली. हा सारा चुनखडीचा पट्टा, सिमेंटचा कारखाना इथे आला तो त्यामुळेच. बोअरचे पाणी जड, भांड्यांना पांढरा थर धरणारे. गप्पी आणि मॉलींना जड पाणी मानवते, पण पीएच 7 वरून 8 वर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो : 20 अंशाला लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसातच्या आसपास. आमच्या टँकचे पाणी 31 अंश होते.

सगळे पाणी फेकून टँक पुन्हा धुवावा, असा सल्ला आपाला मिळाला होता. तसे केले असते तर स्पंजवर नव्याने जमू लागलेले थोडे जिवाणूही गेले असते आणि अशक्त माशांना पाणी बदलाचा आणखी एक धक्का बसला असता. आम्ही दोन दिवस खाद्य बंद ठेवले. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला. रोज चौथा हिस्सा पाणी काढून, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेले पाणी हळूहळू ओतले. वणीच्या एका मित्राच्या जुन्या टँकमधला वापरातला स्पंज ओल्या पिशवीत आणून आमच्या फिल्टरमध्ये बसवला. विरजणासाठी शेजारून चमचाभर दही आणावे, तसेच हे. दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा गेला. उरलेले चार वाचले.

त्या दिवसांत पाण्याइतकीच काळजी भाचीची होती. "मासेच तर आहेत, दुसरे आणू," असे तिला कोणीतरी म्हणाले तेव्हा मी तिला अबू उमैर यांची गोष्ट सांगितली. ते हजरत अनस (रजि.) यांचे धाकटे भाऊ. त्यांचा आवडता छोटा पक्षी मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या उदास बाळाला जवळ करून पक्ष्याची विचारपूस केली. उम्मतीचा एवढा भार ज्यांच्यावर होता, त्यांना मुलाचे दुःख लहान वाटले नाही.

तिचा दुसरा प्रश्न अवघड होता : "मामू, मग घर मनहूस आहे का?" तेव्हा दुसरी हदीस सांगितली. प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम वारले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यही शोक करतो आहे. बाप म्हणून काळीज फाटलेले असतानाही प्रेषितांनी (स.) स्पष्ट सांगितले की, सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्म-मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही. तिथे ग्रहणाचा अपशकुन मानला नाही, मग फिशटँकचा आपण का मानावा?

भाचीने वही घातली आणि दर दोन दिवसांनी आकडे लिहू लागली. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला आणि नायट्राइट चढले. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. तोवर नवा मासा आणायचा नाही, हा नियम तिनेच पाळला आणि घरच्यांकडूनही पाळून घेतला.

कोणाला टँक हलवायचाच असेल तर एवढे करावे. स्पंज आणि खडे टँकच्याच पाण्यात ओले ठेवून न्यावेत. स्पंज धुवायचाच तर काढलेल्या टँकच्या पाण्यात हलकेच पिळावा, नळाखाली कधीच नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते दिवसभर उघड्या बादलीत ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब वापरावेत. वीज जात असेल तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असावा. पहिले दोन-तीन आठवडे खाद्य चिमूटभरच द्यावे. पाळलेला मुका जीव आपल्याकडे अमानत असतो. त्याच्याबद्दल आपल्याला विचारले जाईल, आणि तेव्हा घराकडे बोट दाखवून चालणार नाही.